आपांची खिडकी

'मेसेज गेला' असं म्हणायची आमच्या ऑफिसात बंदी होती. बंदी साहेबांची नव्हे, अफरोज आपांची. कुणाच्या तोंडून चुकून निघालंच, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून लगेच यायचं, "गेला नका म्हनू, भाऊ. निघाला म्हना. पोचला तं पोचला म्हना. गेला म्हनजे काय, तुमाले माहीत नाई का?"

माहीत होतं. 'गेला' म्हटल्यावर पुढं विचारायचं काही उरत नाही, हे वऱ्हाडात पोरालाही कळतं. पण मोबाइलच्या मेसेजबाबत एवढं सोवळं कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. नंतर मीही 'निघाला' म्हणायला लागलो, आणि अजून तेच म्हणतो. बायको हसते.

ऑफिस अकोल्यात जठारपेठेत होतं, एका पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि दुपारपर्यंत कीबोर्डवर बोटांच्या खुणा उमटतील एवढं पीठ बसायचं. त्या वर्षांत आमच्याकडच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान बघायला नको वाटायचं. प्रत्येकाला शेतकऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते त्याच्या मोबाइलपर्यंत पोचवायचं काम आमचे गावंडे साहेब घ्यायचे. हवामान, कीड, कापसाचा भाव. मी कृषी पदवीधर, मजकूर लिहायचो. मराठीत लिहिलं की सत्तर अक्षरांत मेसेज संपायचा, आणि काना-मात्रासुद्धा अक्षर म्हणून मोजली जायची. बोंडअळी आणि तिचं औषध एवढ्यात कोंबताना माझा घाम निघे. तो मजकूर हजारो फोनांवर धाडणारे आणि तिकडून आलेली उत्तरं आत घेणारे प्रोग्राम आपा लिहायच्या.

आपा पस्तिशीच्या असतील. काटकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावरून सारखी घसरणारी ओढणी. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते लवकर वारले. घरी अम्मी आणि धाकटा भाऊ रफीक. अमरावतीला रोज एसटीनं जाऊन-येऊन त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. वयानं पंधरा वर्षांनी मोठे असलेले गावंडे साहेबही त्यांना आपाच म्हणायचे. ड्रॉवरमध्ये कायम फुटाणे असायचे आणि मागायच्या आत समोर यायचे. मेसेजांचा गठ्ठा पाठवायची कळ दाबली की त्या कीबोर्डवरचा हात काढून घेत आणि दाराकडे बघत बसत. पावत्या पडद्यावर यायच्या, दारातून नाही. मी एकदा तसं म्हणालोसुद्धा. त्या म्हणाल्या, "मले मालूम हाये. पन पाठवल्यावर मान तिकडंच वळते."

आपला प्रोग्राम टेलिफोन कंपनीच्या प्रोग्रामशी बोलतो तरी कसा, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मला खिडकी समजावली. "तिकिटाची खिडकी असते ना, तसं. आपून चिठ्ठी टाकायची. नंबर हा, मजकूर हा. चिठ्ठी बराबर भरली तं आतून पावती येते. नाई भरली तं चिठ्ठी वापस. आत कोन बसला, त्याचं तोंड कसं, आपल्याले दिसत नाई. आन इचारायचंबी नाई."

"आणि उत्तर येतं ते?"

"त्याच्यासाठी आपलीबी एक खिडकी उघडी ठेवली हाये. कोनी काई टाकलं का आपल्या इकडं पडते." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "उघडी ठेवली का मंग कोनबी टाकू शकते, भाऊ. ते आपल्या हातात नाई."

हे त्यांनी साधेपणानंच सांगितलं होतं. उन्हाळ्याची भर दुपार होती आणि खाली गिरणी चालू होती. तरी माझ्या पाठीवरून काहीतरी सरकून गेलं, हे मला आठवतं.

त्या खिडकीतून काय काय पडायचं! 'आज ढगाळ हवामान' असं आम्ही पाठवलं की 'आमच्या गावात नाही' असं उत्तर यायचं. कुणी भाव विचारायचं, कुणी जावयाची तक्रार करायचं, कुणी नुसतं 'राम राम' पाठवायचं. प्रोग्राम ठरलेले शब्द ओळखायचा, बाकीचं आपा स्वतः वाचायच्या. एकदा दर्यापूरकडच्या एका नंबरवरून उत्तर आलं, 'त्यायले आता नका पाठवू'. एवढंच. साहेब म्हणाले, नंबर काढून टाका. आपांनी काढला, पण त्या दिवशी फुटाण्यांचा ड्रॉवर उघडला नाही. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "बाईनं त्याच्याच फोनवरून लिवलं. त्याच्या नावानं आलं ना ते, भाऊ. आपल्याकडं तं तोच सांगून राहिला का मले नका पाठवू."

असे नंबर त्या वर्षांत बरेच झाले.

आपांचा दिवस मात्र आमच्या कामानं सुरू होत नसे. सकाळी आल्या, यंत्र सुरू केलं, की पहिला मेसेज एकाच नंबरला निघायचा. 'रफीक, अम्मी पूछ रई. कब आता?' तो कधी पोचत नसे. पडद्यावर त्याच्यापुढं 'प्रतीक्षेत' असं दिसायचं, दोनेक दिवसांनी कंपनीचं यंत्र तो टाकून द्यायचं. तोवर पुढचे निघालेले असायचे.

रफीक परतवाडा ते धारणी जीप चालवायचा. मेळघाटातला रस्ता, वळणं, खड्डे आणि जिपेत बसतील तेवढी माणसं. मी त्याला एकदाच पाहिलं, आपांचा डबा द्यायला आला होता तेव्हा. हसरा, गळ्यात रुमाल. घरी ते सगळे हिंदी-उर्दू बोलायचे, पण रफीक घरातून निघताना मराठीतच 'येतो' म्हणायचा. दिवसभर वऱ्हाडी पॅसेंजरांशी बोलून जीभ तशी वळली होती. अम्मी चिडायच्या, "हमकू मराठी सुनाता!" तो आणखी मोठ्यांदा म्हणायचा, "येतो वं माय!"

एके दिवशी त्यानं सेमाडोहच्या पुढं शेवटचे पॅसेंजर उतरवले आणि परत आलाच नाही. जीप रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. कुलूप लावलेलं, काचा वर. भांडण नाही, रक्त नाही, की दरीत घसरल्याची खूण नाही. फोन त्याच्याबरोबर गेला होता, म्हणजे निघाला होता. पोलिसांनी, फॉरेस्टवाल्यांनी, जीपवाल्यांनी जंगल धुंडाळलं. मग सगळे थांबले. नातेवाईक म्हणाले, आता त्याच्या नावानं फातिहा पढून घ्या, मायचा जीव तरी मोकळा होईल. अम्मी आपांकडे बघायच्या आणि आपा म्हणायच्या, "उसका फोन चालू होने दो. फिर देखेंगे."

आपांनी सगळं त्यावर टांगून ठेवलं होतं. फोन जंगलात कुठंतरी बंद पडलेला असेल, पण ज्या घडीला चालू होईल त्या घडीला वाटेतला एखादा मेसेज त्याच्यावर पडेल आणि 'पोचला' अशी पावती खिडकीतून येईल. ती आली तर भाऊ आहे. वापरात नसलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, हे आपांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्या दर महिन्याला खालच्या दुकानातून त्या बंद फोनचं रिचार्ज करायच्या. दुकानदार विचारायचा, "भाऊ काय म्हन्ते?" आपा म्हणायच्या, "बरा हाये."

आता भातकुलीच्या मेळाव्याची गोष्ट सांगायला हवी. गावंडे साहेबांनी तिथं शेतकरी मेळावा ठेवला. मी मजकूर केला: मेळाव्याला येणार असाल तर YETO असं पाठवा. उत्तरांचा पाऊस पडला. साहेबांनी खूष होऊन मोठा मांडव घातला, आलूपोहे आणि बुंदी सांगितली. मेळाव्याच्या दिवशी मांडवात आम्ही, आचारी, दोन कुत्री आणि मूठभर शेतकरी. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. पुढचे तीन दिवस आम्ही ऑफिसात बुंदी खात होतो.

झालं काय होतं? आमची सेवा नको असेल तर BAND पाठवा, असं आम्ही महिन्यातून एकदा कळवायचो, आणि ते नेमकं मेळाव्याच्या मेसेजच्या मागोमाग निघालं होतं. पण 'बंद' असं तोंडावर कोण म्हणेल? कुणाच्या घरून उठताना आपण 'जातो' म्हणतो का? ज्यांना सेवा सोडायची होती त्यांनी रीतीप्रमाणं निरोप घेतला होता, येतो. आमच्या प्रोग्रामला ते सगळे मेळाव्याला येणारे वाटले.

साहेब भडकले. आपा आधी पोट धरून हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "बाप्पा, हे तं खरंच हाये. येतो म्हनलं का दोन्ही होते. मानूस उंबऱ्यात उभा असते, मान पाहून आपल्याले समजते. यंत्रानं काय पाहावं?"

मग त्यांनी उपाय केला. यापुढं कुणीही YETO पाठवलं की प्रोग्राम त्याला आपोआप उलट विचारणार: 'येणार असाल तर 1, निरोप घेत असाल तर 2 पाठवा.' वाक्य मीच बसवून दिलं. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी आपांचा पगार वाढवला. पुढच्या मेळाव्याला पोहे मोजके झाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भारनियमन होतं, दुपारची लाइट जायची. तेवढ्या वेळात आमच्याकडे येणारी उत्तरं कंपनीच्या खिडकीत तुंबून राहायची आणि लाइट आली की भराभरा पडायची. त्या दिवशीही तसंच झालं. पंखे फिरले, यंत्र जागं झालं, पडदा उत्तरांनी भरला. आपा फुटाणे खात बघत होत्या. त्यांचा हात मधेच थांबला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "अर्ज है, जरा इकडं या."

इतकं आदबशीर त्या कधी बोलत नसत. मी गेलो. रफीकच्या नंबरापुढं 'पोचला' असं दिसत होतं. सकाळचा मेसेज पोचला होता. आणि त्याखाली, त्याच नंबरवरून आलेलं उत्तर.

yeto

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला भीती वाटली. आपांनी पडद्यावर बोट ठेवलं, त्या अक्षरांवर, आणि ओठ हलवून वाचलं. डोळे भरून आले होते. मग त्यांचं बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथंच राहिलं.

आम्ही पाहीपर्यंत प्रोग्रामनं आपलं काम करून टाकलं होतं. yeto आलं, म्हणून त्यानं रफीकला ताबडतोब विचारलं होतं: 'येणार असाल तर 1, निरोप घेत असाल तर 2 पाठवा.' त्यापुढंही 'पोचला' होतं.

आपांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. संध्याकाळपर्यंत त्या लावत होत्या आणि आम्ही कुणी घरी गेलो नाही. एक आला नाही आणि दोनही आला नाही. पोलिसांनी पुढं चौकशी करून सांगितलं, की फोन धारणीच्या बाजूला थोडा वेळ चालू होता. नंबर रफीकच्याच नावावर, सिमही तेच. सापडलेल्या फोनशी कुणीतरी खेळलं असेल, असं ते म्हणाले. असेलही. 'कब आता?' असं विचारल्यावर कुणीही मराठी माणूस 'येतो' असंच लिहील.

आपांना मात्र दुसरीच गोष्ट खात होती. आठवडाभरानं जिन्यात उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "येतो म्हननाऱ्याले कोनी इचारते का, भाऊ, का येशीन का जाशीन? शत्रूलेबी कोनी इचारत नाई. मी असती तं 'हाव, ये' म्हनलं असतं. मी यंत्राले शिकवलं इचारायले. माह्या भावाले मी उंबऱ्यातच इचारलं."

मी म्हणालो, "आपा, ते वाक्य माझं होतं."

"नाई," त्या म्हणाल्या. "खिडकी माही होती."

अम्मीला त्यांनी अर्धंच सांगितलं, की रफीकचा 'येतो' म्हणून मेसेज आला. अम्मीनं दुसऱ्याच दिवशी रफीकची गादी उन्हात घालून पुन्हा अंथरली आणि फातिहाचा विषय काढणाऱ्याला घरात घ्यायचं बंद केलं.

दिवाळीच्या आधी आपांनी नोकरी सोडली. धारणीजवळच्या एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा होती, तिथं कुणी जायला तयार नसे. त्या अम्मीला घेऊन गेल्या. जाण्यापूर्वी प्रोग्राममध्ये त्यांनी एक ओळ घातली: रफीकच्या नंबरवरून काहीही आलं, तर यंत्रानं ते आपांच्या फोनवर पाठवावं. आमच्या यंत्राच्या मेसेजसाठी फोनवर वेगळा आवाज लावला, सायकलच्या घंटीचा. मला वाजवून दाखवला. म्हणाल्या, "दुसऱ्या कोनाले हा नाई ठेवला." नंतर आलेल्या प्रोग्रामरनं ती ओळ बघून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, राहू दे, तुझं काही अडत नाही.

पुढं दोनेक वर्षांत कामं आटली. लोकांकडे नवे फोन आले, सत्तर अक्षरांची गरज संपली. साहेबांनी ऑफिस बंद केलं. यंत्र मी स्वतः बंद केलं, वायरी गुंडाळल्या आणि भंगारवाल्याच्या गाडीत चढवलं. तेव्हाच मनात आलं, की आपांना हे सांगायला हवं. त्या एका आवाजाची वाट बघत असणार, आणि तो आता वाजणार नाही. फोनवर सांगायचा धीर होईना. महिन्याभरानं एसटीत बसलो आणि धारणीला गेलो.

थंडीचे दिवस, दुपारची वेळ. शाळेला सुट्टी होती. सागाची पानं गळून सगळीकडे पसरली होती, तरी पाऊल वाजल्याचा आवाज येत नव्हता, इतकी ओल त्यांच्यात मुरली होती. आपा शाळेच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. नेटवर्क तेवढ्याच जागी मिळायचं. केस पांढरे झाले होते. मला बघून खूप हसल्या आणि ओढणीच्या गाठीतून फुटाणे काढून हातावर ठेवले. मागच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अम्मी अजून तीन माणसांचा स्वयंपाक करते, आपा म्हणाल्या, तब्येत उत्तम आहे, बी-पी नाही, काही नाही.

इकडचं तिकडचं बोलून झालं. परतीची बस यायची वेळ होत आली. मी घसा साफ केला. "आपा, एक सांगायला आलो होतो."

त्यांच्या मांडीवरच्या फोनमधून सायकलची घंटी वाजली.

आपांनी खाली बघितलं नाही. फोन पालथा केला आणि त्यावर हात ठेवला.

"बघा ना," मी म्हणालो.

"राहू द्या."

"अहो, पण कधीपासून वाजतंय हे?"

"झाला असन महिना. पयले कवाच नाई वाजलं. आता वाजते दोन-चार दिसानं." त्या शांतपणे बोलत होत्या. "मी पाह्यलं नाई एकबी. पाह्यलं का त्याच्यात एक असते, नाई तं दोन असते. नाई पाह्यलं तं तो अजून रस्त्यात हाये. अम्मीच्या भाकरीले तेवढं पुरते."

महिना. मी वायरी गुंडाळल्या त्याला महिनाच झाला होता. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. हाताखालच्या त्या फोनला मेसेज पाठवणारं यंत्र कुठल्यातरी भंगाराच्या ढिगात पडलं होतं, आणि ते जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"तुमी काय सांगून राहिले होते?" आपांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "थंडी फार आहे इकडं."

"हाव. स्वेटर आनायले पायजे होतं तुमी."

बस आली. मी खिडकीपाशी बसलो आणि मागे वळून पाहिलं. आपा पायरीवर तशाच होत्या, रस्त्याकडे मान करून, फोनवर हात ठेवून. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण वळण यायच्या जरा आधी त्यांनी दुसराही हात त्यावर ठेवला.